कराचीकडे तोंड केलेला उंट

तोताराम सरांना आयुष्यात एकदा तरी मोठं चित्र काढायचं होतं. मोठं म्हणजे आकारानं नव्हे, असं ते आवर्जून सांगत. पण बावीस फूट लांब आणि नऊ फूट उंच भिंत समोर आली, तेव्हा आकारालाही त्यांनी हरकत घेतली नाही.

धुळ्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी चित्रकला शिकवली होती. बत्तीस वर्षं म्हणजे एक तांब्या, एक पेला आणि दोन केळी. मांडणी तीच, मुलं तेवढी बदलायची. तास संपला की कुणीतरी केळी खाऊन टाकायचं. निवृत्त झाल्यावर सरांनी ठरवलं, आता खरा कलावंत व्हायचं. त्यासाठी त्यांनी खांद्याला झोळी अडकवली आणि केस वाढवले. केस फक्त कानांच्या वरच वाढले. आरशात कलावंताऐवजी, केस कापायचं राहून गेलेला एखादा हेडक्लार्क दिसे, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

भिंत मिळवून दिली प्रेमराजशेठ यांनी. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि सिंधी वसाहतीच्या पंचायतीचे ते अध्यक्ष होते. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसं धुळ्यात वसली, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली होती. त्या निमित्तानं वसाहतीच्या हॉलमध्ये एक भित्तिचित्र करून घ्यायचं ठरलं.

"आमच्या लोकांचा प्रवास काढा, सर," प्रेमराजशेठ म्हणाले. "बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"येईल," सर म्हणाले. घरचा नळ असल्यासारखं.

त्यांनी आधी इतिहासाचा अभ्यास केला. म्हणजे तीन दिवस मोबाइलवर फोटो पाहिले. काळेपांढरे फोटो, बैलगाड्यांच्या रांगा, टपावर माणसं लादलेल्या आगगाड्या, खांद्यावर म्हाताऱ्या आईला घेतलेला एक माणूस. फोटोखाली इंग्रजीत बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. ते सरांनी वाचलं नाही. कलावंतानं शब्दांच्या नादी लागू नये, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांना इंग्रजी जड जात असल्यामुळे तयार झालं होतं, ही गोष्ट वेगळी.

मग अकरा दिवस लाकडी शिडीच्या घोड्यावर चढून त्यांनी कोळशाच्या कांडीनं भिंतभर आराखडा केला. डावीकडे जळणारी घरं. मग बैलगाड्या, काटेरी तार, आगगाडी. मधोमध तीन उंट, माना उंच करून भारताकडे निघालेले. उजव्या टोकाला धुळ्याच्या पांझरा नदीचा पूल आणि त्यामागून वर येणारा सूर्य. काठी टेकत चालणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी स्वतःचा चेहरा दिला. मॉडेल शोधायला वेळ नव्हता, असं त्यांनी त्याचं कारण दिलं. पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर भरघोस केस होते.

चित्राला त्यांनी नाव दिलं, 'वेदनेचा महामार्ग', आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'कराची ते धुळे'. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाल्या, "लोकांना वाटेल आग्रा रोडच्या चौपदरीकरणाचं काढलंय."

पंचायतीला मात्र आराखडा फार आवडला. "एकदम पिक्चरसारखं," प्रेमराजशेठ म्हणाले. रंगाचा पहिला हात वसाहतीतल्या सगळ्यात जुन्या बाईनं लावावा असं ठरलं, आणि जेठीअम्मांना आणण्यात आलं.

जेठीअम्मा चौऱ्याऐंशीच्या. सिंधमधून आल्या तेव्हा नऊ वर्षांच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर आणि नवरा गेल्यावर एकट्या, अशी तीस वर्षं त्यांनी शिंदखेडा, नरडाणा या भागातल्या बाजारांत डोक्यावरून कापड नेऊन विकलं होतं. त्यामुळे त्या घरात सिंधी बोलत आणि बाहेर सगळ्यांशी अहिराणी. अहिराणीही अशी, की ऐकणाऱ्यानं डोळे मिटले तर समोर एखादी पाटलीण बसली आहे असं वाटावं. तोताराम सर स्वतः नरडाण्याकडच्या खेड्यातले. पण शाळेत लागल्यावर त्यांनी अहिराणी जी सोडली ती सोडलीच. ते छापील मराठी बोलत. बायकोला भाजी वाढायला सांगतानाही त्यांचं वाक्य 'कृपया'नं सुरू व्हायचं.

अम्मांच्या हातात ब्रश दिला. त्यांनी तो धरला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या. परत आल्या. प्रेमराजशेठनी मोबाइल वर धरला होता, तो धरून धरून त्यांचा हात अवघडला.

"चित्र चांगलं शे, मास्तर," अम्मा म्हणाल्या. "पन हाई कोनं शे?"

"तुमचंच आहे, अम्मा," सर म्हणाले. "हा तुमचाच प्रवास आहे."

"आम्ही बैलगाडीवर नही उनूत. आम्ही जहाजमा उनूत. कराचीथून मुंबई."

सरांनी प्रेमराजशेठकडे पाहिलं. प्रेमराजशेठनी मोबाइल खाली घेतला. त्यांचा जन्म धुळ्याचा, फाळणीनंतर वीसेक वर्षांनी झालेला. त्यांना प्रवास माहीत होता तो धुळे ते सुरत, माल आणायला.

"आणि ही आगगाडी?" सरांनी विचारलं.

"गाडी व्हती. कल्याणना कॅम्पमाथून चाळीसगाव, तठून धुये. पन टपवर कोन्ही नव्हतं. आम्ही आत बसनूत. तिकीट व्हतं आम्हनं."

"अम्मा, कलेत एवढं स्वातंत्र्य घ्यावं लागतं," सर म्हणाले. "हे एका माणसाचं चित्र नसतं. ही सगळ्या मानवजातीची वेदना असते."

अम्मांनी मानवजातीकडे पुन्हा एकदा नजर टाकली. "मग खाले आम्हना गावनं नाव कसाले लिखस?"

सरांनी चष्मा पुसला. अम्मा उंटांपाशी थांबल्या होत्या.

"उंट व्हता," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "आम्हना शेजारना. अल्लाबक्ष नाव व्हतं उंटवालानं. त्यानी आम्हले उंटगाडीवर बंदरलगून सोडं. पन तो आठे कसाले ई? तो तठेच ऱ्हायना. रडत परत गया."

प्रेमराजशेठनी मोबाइल खिशात ठेवला.

"उंट ऱ्हाऊ दे, मास्तर," अम्मा म्हणाल्या. "त्यानं तोंड तिकडे कर." आणि ब्रश कोरडाच त्यांनी सरांच्या हातात परत दिला.

घरी येऊन सरांनी झोळी खुंटीला लावली आणि प्रमिलाबाईंना सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी 'सामान्य प्रेक्षक' हा शब्द चार वेळा वापरला.

प्रमिलाबाईंनी शांतपणे विचारलं, "आधी त्यांना विचारलं होतं का?"

"कुणाला?"

"ज्यांचं चित्र काढताय त्यांना."

"प्रेमराजशेठना विचारलं होतं."

"ते काय, तुमच्यासारखेच," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

सर दोन दिवस रुसून बसले. रुसवा कुणाच्या लक्षात आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन जेठीअम्मांच्या घरी गेले. अम्मा ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. सरांनी खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "कृपया पहिल्यापासून सांगा."

अम्मांनी सांगितलं ते सरांनी पाहिलेल्या कुठल्याच फोटोत नव्हतं. अम्मांच्या काकांचं कराचीत छत्र्यांचं दुकान होतं. घर सोडताना प्रत्येकानं काही ना काही उचललं. आईनं कमळकाकडीच्या लोणच्याची बरणी घेतली. काकांनी छत्र्यांचा गठ्ठा बांधला. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. जहाजात खाली जागा मिळाली नाही, डेकवर बसावं लागलं. दिवस चैत्राचे, ऊन भाजून काढणारं. तेव्हा काकांनी गठ्ठा सोडला आणि दोघांत एक अशी छत्री वाटली. चाळीस-पन्नास माणसं, लेकुरवाळ्या, म्हातारे, सगळे समुद्राच्या मधोमध काळ्या छत्र्या उघडून बसलेले. अम्मांना बोट लागली होती. त्या छत्रीच्या आड तोंड करून ओकत होत्या, आणि वाऱ्यानं ते सगळं काकांच्या टोपीवर गेलं. काका रागावले नाहीत. "तेवढं वजन कमी झालं," असं सिंधीत म्हणाले. अम्मांनी ते वाक्य सिंधीत म्हणून दाखवलं आणि हसल्या. सरांना सिंधी येत नव्हतं, तरी तेही हसले.

कल्याणच्या छावणीत अम्मांचा धाकटा भाऊ तापानं गेला. हे त्यांनी पापड उलटता उलटता एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेल्या. सरांनी ते वहीत लिहिलं नाही. कसं लिहायचं ते त्यांना कळलं नाही.

सर रोज जाऊ लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी गोष्ट बाजारांपर्यंत आली.

"पहिला शब्द कोनता शिकनू, माहीत शे?" अम्मा म्हणाल्या. "महाग नही शे, अक्का. हाई एवढं येवाले लागनं की झाया धंदा सुरू."

काही गावं चांगली होती. बायका ओसरीवर बसवायच्या, भाकरी द्यायच्या. काही गावांत पोरं मागे लागायची. "निर्वाशी उनी, निर्वाशी उनी", म्हणजे निर्वासित आली, असं ओरडत वेशीपर्यंत यायची. आता अम्मा हे हसत सांगत होत्या.

"एक गावमा तर नवलच व्हयनं," त्या म्हणाल्या. "कोन्ही एक पोऱ्यानी शायनी भीतवर कोयसाघाई मनं चित्र काढं. डोकावर गठुडं, एवढं मोठं. खाले लिखेल, निर्वाशी. मी पदर ओला करीसन पुसी टाकं. पुढला बजारले देखं, ते परत काढेल व्हतं."

सरांची पेन्सिल थांबली. "कोणतं गाव, अम्मा?"

"तामखेडे."

तामखेडे हे सरांचं गाव. आणि कोळशाचं ते चित्र महाराष्ट्रात निदान तीस-चाळीस माणसांना ठाऊक होतं, कारण सर प्रत्येक सत्काराच्या भाषणात ते सांगत. निवृत्तीच्या दिवशीही सांगितलं होतं. ते असं, की 'मी चौथीत असताना माझं पहिलं चित्र शाळेच्या भिंतीवर कोळशानं काढलं. डोक्यावर ओझं घेतलेली एक श्रमिक स्त्री. तेव्हाच्या गुरुजींनी पाठ थोपटली, म्हणाले, पोराच्या हातात कला आहे. कष्टकऱ्यांची वेदना मला तेव्हापासून खुणावत आली.' इथं टाळ्या पडत. सांगून सांगून सरांचाच त्यावर विश्वास बसला होता. खाली लिहिलेला शब्द भाषणातून कधी गळला, हे त्यांना आठवेना. चित्र दोनदा काढलं होतं, हे तर ते साफ विसरले होते. आता आठवलं. बाईनं पुसलं म्हणून सगळी पोरं त्यांना चिडवत होती, आणि त्यांनी ईर्ष्येनं आधीच्यापेक्षा मोठं काढलं होतं.

त्यांनी वही मिटली. खरं तर गप्प बसून चाललं असतं. चौपन्न वर्षं चाललंच होतं. हॉलमध्ये जाऊन त्या म्हाताऱ्याचे केस रंगवत बसता आलं असतं. पण अम्मा नवीन पापड लाटायला घेत होत्या आणि सरांच्या तोंडून शब्द गेले ते छापील मराठीत आलेच नाहीत.

"अम्मा," ते म्हणाले, "तो पोऱ्या मी व्हतू."

अम्मांचं लाटणं थांबलं. त्यांनी सरांकडे नीट पाहिलं, गिऱ्हाईक कापड पाहतं तसं.

"दोन्ही खेपले?"

"दोन्ही खेपले."

अम्मांनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "गठुडं मनापेक्षा मोठं काढं व्हतं. ते खरं व्हतं. नाक खोटं व्हतं." पुन्हा लाटायला लागल्या. "तव्हय तुना हात चांगला व्हता, मास्तर. आते बिघडना."

सरांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी माफी मागायला सुरुवात केली. माफीचं वाक्य लांबलचक होत गेलं, त्यात 'बालवय' आलं, 'अजाणतेपणी' आलं. अम्मांनी लाटण्यानंच त्यांना थांबवलं.

"मी मग वरीसभर त्या गावले गऊ नही," त्या म्हणाल्या. "तठे मनी एक मैत्रीण व्हती. भागाबाई नाव. ती वाट देखे. मी परत गऊ, तव्हय ती मरी जायेल व्हती." त्यांनी लाटलेला पापड उचलून ओट्यावर टाकला. "आते जाय. दुपार व्हयनी."

सर घरी गेले ते पायी गेले, आणि वाटेत दोनदा चुकले. तेही स्वतःच्याच देवपूर भागात. प्रमिलाबाईंनी ताट वाढलं. सरांनी सगळं सांगितलं, या खेपेला 'सामान्य प्रेक्षक' न वापरता. वरणावर तूप मात्र प्रमिलाबाईंनी वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर पाण्याची बादली आणि पोतेरं घेऊन हॉलमध्ये गेले आणि सगळी भिंत पुसून काढली. अकरा दिवसांची वेदना दीड तासात गेली. स्वतःच्या चेहऱ्याचा तो म्हातारा पुसताना त्यांना थोडं वाईट वाटलं. केस चांगले जमले होते.

नवीन चित्राला एकवीस दिवस लागले. डावीकडे बंदर आणि एकच उंट, गाडीसकट, कराचीकडे तोंड केलेला. त्याच्या शेजारी डोळ्याला हात लावलेला अल्लाबक्ष. मध्ये निळं पाणी, जहाज, आणि डेकवर उघडलेल्या काळ्या छत्र्या, एकोणतीस. एक टोपी किंचित घाण झालेली. छावणीतल्या बराकींच्या रांगेत त्यांनी एक दार उघडं ठेवलं आणि आत काहीच काढलं नाही. मग आगगाडी, माणसं आत बसलेली, खिडकीतून एक हात तिकीट दाखवणारा. शेवटी बाजाराची वाट, डोक्यावर गठुडं घेतलेली एक बाई, आणि शाळेची भिंत. भिंतीपुढे पाठमोरा पोरगा, हातात कोळसा. भिंतीवर त्याचं अर्धं झालेलं चित्र आणि खाली तो शब्द, पूर्ण.

प्रेमराजशेठ पाहायला आले. छत्र्या पाहून खूश झाले. टोपीवरून हसले. उजव्या टोकाला आल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"सर, हे कशाला? कार्यक्रमाला गावातले पाहुणे येणार. त्यांना काय वाटेल? आपण पंचाहत्तर वर्षं गुण्यागोविंदानं राहिलो."

"राहिलो," सर म्हणाले. "पण हेही झालं."

"कुणी केलं? उगीच कुणाचंही नाव येतं मग."

"माझं येऊ द्या. तो मी आहे."

प्रेमराजशेठना ही कलावंताची भाषा वाटली. "म्हणजे तसं आपण सगळेच," ते समजुतीनं म्हणाले.

"सगळे नाहीत. मी. तोताराम चिंधा पाटील, इयत्ता चौथी."

प्रकरण अम्मांकडे गेलं. अम्मा आल्या, उंटापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, छत्र्या मोजल्या. "आम्हना काकानी सव्वीस आन्या व्हत्या," म्हणाल्या, पण बदलायला सांगितलं नाही. उघड्या दारापुढून पटकन पुढे गेल्या. पोराजवळ आल्या.

"ऱ्हाऊ दे, प्रेम," त्या प्रेमराजशेठना म्हणाल्या. "खरं शे ते." मग सरांकडे वळून, "पोऱ्यानी चड्डी फाटेल शे. धड घाल."

सरांनी चड्डीला ठिगळ लावलं. फाटकी होती हे खरं होतं, पण या बाबतीत त्यांनी वाद घातला नाही.

कार्यक्रम थाटात झाला. पाहुण्यांनी भाषणात चित्राचं वर्णन 'भव्यदिव्य' असं केलं आणि चित्राकडे पाठ करून फोटो काढले. पोरांनी उंटापाशी सेल्फी काढल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो जागेअभावी उजवीकडून कापलेला होता, आणि खाली चित्रकाराचं नाव 'जीवराम पाटील' असं छापलं होतं. सरांनी पेपर घडी करून ठेवला. कुठं दुरुस्ती मागायला गेले नाहीत. त्या पोरासारखंच आपल्यालाही पाठमोरं राहायला मिळालं, तर तेवढंच बरं, असं त्यांना वाटलं, आणि लगेच हेही वाटलं, की नाव बरोबर छापलं असतं तर काही बिघडलं नसतं.

सत्काराचा मोठा प्रसंग त्यानंतर एकच आला, जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात. सरांनी कोळशाच्या चित्राची गोष्ट सांगितली, या वेळी खालच्या शब्दासकट आणि दुसऱ्या खेपेसकट. टाळ्या पडल्या नाहीत. एक विद्यार्थी नंतर येऊन म्हणाला, "सर, आधीची गोष्ट जास्त चांगली होती." सरांनाही तसंच वाटलं होतं.

पावसाळा संपता संपता हॉलच्या भिंतीला ओल आली. मागे संडासाचा पाइप गळत होता आणि ओल नेमकी समुद्रात उतरली. निळ्या रंगाला फोड आले, त्यातले दोन छत्र्यांवर चढले. प्रेमराजशेठनी प्लंबर बोलावला, प्लंबर येतो म्हणाला. तेव्हापासून तोताराम सर रविवारी सकाळी पत्रा आणि पॉलिश पेपर घेऊन हॉलमध्ये जातात, समुद्र खरवडतात, पुट्टी भरतात, निळा हात देतात. जेठीअम्मा खुर्ची टाकून बसतात. अजून त्यांच्या लग्नाची गोष्ट व्हायची आहे, त्यात अमळनेरच्या वरातीत घोडी बिथरल्याचा भाग मोठा आहे. मध्येच त्या थांबून वरचा राहिलेला फोड दाखवत सांगतात, "वर आखो ऱ्हायनं, मास्तर." मास्तर घोड्यावर एक पायरी वर चढतात आणि म्हणतात, "हो अम्मा, देखं मी."